जबाबदारी राज्याची, तिजोरी कोणाची?

सामान्यतः मार्च महिन्यात राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो. अर्थमंत्री तो विधानसभेत वाचतात आणि राज्यमंत्री विधान परिषदेत. पुढे आठवडाभर चर्चा चालते ती कोणत्या खात्याला किती मिळाले याची. परंतु जे सभागृह हा खर्च मंजूर करते, त्याच्या हाती उत्पन्नाच्या बाजूने कितीसा अधिकार उरला आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः संसदीय राज्यपद्धतीचे मर्म त्यातच आहे.

घटनेने राज्याच्या कारभाराची मांडणी केंद्राच्याच धर्तीवर केली. राज्यपाल हे नामधारी प्रमुख. खरी सत्ता मुख्यमंत्री व मंत्रिमंडळाकडे. आणि हे मंत्रिमंडळ 164 व्या अनुच्छेदानुसार सामुदायिकरीत्या विधानसभेला जबाबदार. महाराष्ट्रात विधानसभेचे 288 व विधान परिषदेचे 78 सदस्य आहेत; पण पैशाच्या बाबतीत अंतिम शब्द विधानसभेचाच. धनविधेयक परिषदेला फार तर 14 दिवस ठेवून घेता येते. अनुदानांच्या मागण्यांवर तर तिला मतदानही नाही. ज्यांना मतदार घरी बसवू शकतो, त्यांनीच त्याच्यावर कर बसवावा आणि त्यांनीच त्याचा हिशेब द्यावा, हे यामागील सूत्र होय.

या सूत्राचा प्रत्यय महाराष्ट्राने एकदा उत्तम रीतीने घेतला आहे. 1972 च्या भीषण दुष्काळाच्या सुमारास रोजगार हमी योजना आकारास आली. तिच्या खर्चासाठी विधिमंडळाने 1975 साली व्यवसाय कर बसविला आणि 1977 साली योजनेला कायद्याचा आधार दिला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तिचे शिल्पकार. शहरातील पगारदाराच्या वेतनातून कर कापला जाई आणि त्यातून खेड्यातील मजुराच्या हाताला काम मिळे. कर का घेतला, पैसा कोठे गेला, मजुरी का रखडली, या तिन्ही प्रश्नांचा जाब एकाच सभागृहात विचारता येत होता. 2005 साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे हाच अनुभव होता.

आज अशी योजना स्वतःच्या बळावर उभारणे कोणत्याही राज्याला सोपे नाही. व्यवसाय कराचीच गोष्ट घ्या. घटनेच्या 276 व्या अनुच्छेदाने त्यावर कमाल मर्यादा घातली आहे. 1988 साली ती वर्षाला 250 रुपयांवरून 2500 रुपये करण्यात आली. त्यानंतर पगार व किमती कोठल्या कोठे गेल्या, पण मर्यादा तेथेच राहिली. विक्रीकर हा राज्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार. 2017 साली त्याचा बहुतांश भाग वस्तू व सेवा करात विलीन झाला. त्या कराच्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत आवश्यक. म्हणजे केंद्राच्या संमतीवाचून काहीच ठरू शकत नाही. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली सांगितले खरे. पण एका राज्याने वेगळी वाट धरणे व्यवहारात कठीणच. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील 41 टक्के वाटा राज्यांना दिला; मात्र उपकर व अधिभार या वाटणीच्या बाहेरच राहतात. कर्ज काढावे, तर केंद्राचे देणे शिल्लक असेपर्यंत 293 व्या अनुच्छेदानुसार त्याची संमती हवी.

याचा अर्थ सारा दोष दिल्लीचा, असा मुळीच नाही. देशाची बाजारपेठ एक होण्यात लाभ आहे, आणि गरीब राज्यांना झुकते माप मिळणे न्याय्यच आहे. मुंबईत भरल्या जाणाऱ्या प्राप्तिकरामागे साऱ्या देशाचे श्रम व व्यवहार असतात; तेव्हा जितका भरला तितका परत मिळावा, हा युक्तिवाद उथळ आहे. शिवाय राज्याने आपल्या खालच्या पायरीशी कसे वागावे? मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार राहिला. दिल्लीकडे अधिकार मागणाऱ्या राज्याने हा आरसाही पाहावा.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. खर्चाची जबाबदारी एकाकडे आणि उत्पन्नाचा निर्णय दुसऱ्याकडे असला, की मतदाराला जाब नेमका कोणाला विचारावा हे कळेनासे होते. मंत्री केंद्राकडे बोट दाखवितात, केंद्र राज्याकडे. यावर उपाय अशक्य नाहीत. व्यवसाय कराची मर्यादा महागाईशी जोडावी, उपकरांचा काही भाग वाटणीत आणावा, आणि कर परिषदेत राज्याची भूमिका काय असावी याची चर्चा आधी विधानसभेत व्हावी. यांपैकी शेवटच्या गोष्टीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही, दिल्लीची परवानगीही लागत नाही. तिचा आरंभ विधान भवनाला पुढच्याच अधिवेशनात करता येईल.