पंधरा लाख जणींचा एक दावा

पुरुषापेक्षा कमी पगार मिळतो, बढतीच्या वेळी डावलले जाते, म्हणून एखाद्या बाईने एकटीने कोर्टात जायचे ठरवले तर काय होते, हे नोकरी करणाऱ्या आमच्या भगिनींना सांगायला नको. वकिलाची फी नुकसानीपेक्षा जास्त, तारखांसाठी खाडे होतात ते वेगळेच.

अमेरिकेच्या कायद्यात यावर एक उपाय आहे. एकाच अन्यायाला बळी पडलेल्या हजारो लोकांच्या वतीने चार-दोघांनी दावा लावायचा, निकाल सगळ्यांना लागू. याला तिथे 'क्लास अ‍ॅक्शन' म्हणतात, आपण सामुदायिक दावा म्हणू. मात्र त्या सगळ्यांचा प्रश्न खरोखर समान आहे, हे न्यायाधीशाला पटवून आधी मान्यता घ्यावी लागते. या एका मान्यतेपायी 'वॉलमार्ट' कंपनीतील स्त्रियांची दहा वर्षे गेली.

बेटी ड्यूक्स ही कृष्णवर्णीय स्त्री १९९४ साली कॅलिफोर्नियातील पिट्सबर्ग गावी या कंपनीच्या दुकानात कॅशियर म्हणून लागली. पुढे तिला बढती मिळाली; पण नियमभंगाचा ठपका ठेवून पुन्हा खाली उतरवण्यात आले. नियम मोडल्याचे तिने नाकारले नाही. पण पुरुषांना त्याच चुकांसाठी शिक्षा होत नाही आणि आपण तक्रार केली म्हणून हा सूड घेतला, असे तिचे म्हणणे होते. २००१ साली तिने व इतर काही जणींनी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला.

दुकानांतील तासावारी पगाराच्या कामांत ७० टक्के बायका, पण व्यवस्थापकांत फक्त ३३ टक्के. हे कसे? कागदावर तर कंपनीने भेदभावाला बंदी केलेली होती. पण पगार आणि बढती ठरवण्याची मोकळीक स्थानिक व्यवस्थापकांना होती. रिकाम्या जागांची सूचना नेहमी लागत नसे, मर्जीतला माणूस पुढे जाई. हीच मोकळीक भेदभावाचे मूळ आहे, असे या स्त्रियांचे म्हणणे होते.

जून २००४ मध्ये न्यायाधीश मार्टिन जेनकिन्स यांनी सामुदायिक दाव्याला मान्यता दिली. सुमारे १५ लाख स्त्रिया त्यात आल्या. कंपनीने अपील केले. २००७ साली तीन न्यायाधीशांत दोन विरुद्ध एक, आणि एप्रिल २०१० मध्ये अकरा न्यायाधीशांत सहा विरुद्ध पाच अशा मतांनी मान्यता टिकली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली.

२० जून २०११ रोजी तिथे पाच विरुद्ध चार मतांनी मान्यता रद्द झाली. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिले, की सुमारे ३,४०० दुकानांतील हजारो व्यवस्थापकांचे लाखो निर्णय एका धाग्यात बांधणारा पुरावा नाही. स्त्रियांच्या सुमारे १२० जबान्या होत्या. म्हणजे साडेबारा हजारांमागे एक. न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांचे मत वेगळे होते. निकष न ठरवता दिलेली मोकळीक हीच सगळ्यांना लागू असलेली पद्धत आहे आणि तिच्या आडून मनातला पूर्वग्रह काम करतो, असे त्यांनी बजावले. थकीत पगाराची मागणी ज्या नियमाखाली केली होती तो नियम तिला लागू होत नाही, यावर मात्र नऊही न्यायमूर्तींचे एकमत झाले.

वाचकहो, एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. भेदभाव झाला नाही, असे या निकालाने म्हटलेले नाही. भेदभाव झाला की नाही, हा मूळ प्रश्न १५ लाख जणींच्या वतीने कधी सुनावणीला आलाच नाही. एकत्र उभे राहता येईल का, एवढ्यावरच वाद संपला. नंतर प्रांतवार छोटे दावे झाले. ऑगस्ट २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दाव्यालाही सामुदायिक मान्यता नाकारण्यात आली. जुलै २०१७ मध्ये बेटी ड्यूक्स वारल्या.

आम्हांला या निकालात एक उलटा न्याय दिसतो. मालकाचा पसारा जितका मोठा आणि निर्णय घेणारे हात जितके जास्त, तितके 'हा अन्याय एकच आहे' हे सिद्ध करणे अवघड. लेखी नियम स्वच्छ ठेवायचे आणि मनमानी खालच्या साहेबांवर सोडायची, म्हणजे वरचा मोकळा.

म्हणून आमच्या भगिनींना एवढेच सांगणे आहे. पगाराची पावती फाडू नका. कोणाला कधी बढती मिळाली, तुम्हाला काय कारण सांगितले, ते तारखेनिशी लिहून ठेवा आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही लिहायला सांगा. सगळ्यांचे दुखणे एक आहे, हे आपल्याला आतून ठाऊक असते. कोर्टाला ते कागदावर दाखवावे लागते.