लोककवी वामनदादा कर्डक

दर वर्षी १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती साजरी होते. त्या दिवसांत परळी वैजनाथसारख्या मराठवाड्यातील गावांतून गायनपार्ट्यांचे कार्यक्रम होतात. पेटी व ढोलकी यांच्या साथीवर एकामागून एक गीते म्हटली जातात. पुष्कळ गीतांच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव ऐकू येते. ही कवीची नाममुद्रा होय. परळीपासून जवळच असलेल्या गंगाखेडच्या जनाबाईंनीही आपल्या अभंगांत अशीच नाममुद्रा घातली आहे.

हे वामन म्हणजे वामन तबाजी कर्डक. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी या खेड्यात झाला. घरी दारिद्र्य आणि गावात अस्पृश्यतेचा जाच. त्यामुळे शाळा त्यांच्या वाट्यास आली नाही. गुरे राखण्यात बालपण गेले. पुढे आईबरोबर ते मुंबईस आले व मिळेल ते कष्टाचे काम करू लागले.

एके दिवशी एका माणसाने त्यांच्या हाती पत्र दिले व ते वाचून दाखविण्याची विनंती केली. वामनदादांना तर अक्षरओळखही नव्हती! त्यांना रडू कोसळले. पण रडून ते स्वस्थ बसले नाहीत. एका गुरुजींकडून ते बाराखडी शिकले आणि मग दुकानांवरील पाट्या हेच त्यांचे क्रमिक पुस्तक झाले. रस्त्याने जाता जाता एकेक अक्षर जुळवावे व शब्द लागला की पुढच्या पाटीकडे वळावे, असा हा अभ्यास होता.

१९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले. ते एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते. लवकरच बाबासाहेबांचे विचार हाच त्यांच्या गीतांचा विषय झाला. हे विचार ग्रंथांत होते; परंतु ज्यांना ग्रंथ वाचता येत नाही, त्यांनी काय करावे? ही अडचण वामनदादांइतकी कोणास ठाऊक असणार! म्हणून त्यांनी बोलभाषेतील साधे शब्द घेतले. चाल बहुधा ओळखीची असे. ध्रुपद दोनदा ऐकले की श्रोता ते तिसऱ्यांदा स्वतःच म्हणू लागे आणि घरी जाताना गीत बरोबर घेऊन जाई.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी प्रार्थनागीतांच्या ढंगातून ‘सोल’ नावाची गायकी घडविली. १९६० नंतर समान हक्कांच्या चळवळीत तिचे सूर घुमले. दोन्हीकडे अपमान सोसलेल्या माणसांनी गाण्यातूनच मान वर केली.

वामनदादा गावोगाव हिंडून आपली गीते स्वतः गात. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव मिळावे, या चळवळीसाठीही त्यांनी गीते रचली. ते नामांतर १४ जानेवारी १९९४ रोजी झाले. त्यांच्या गीतांची संख्या हजारांच्या घरात जाते. ‘वाटचाल’ व ‘मोहळ’ हे त्यांचे गीतसंग्रह प्रसिद्ध आहेत. ज्यास एके काळी पत्र वाचता येत नव्हते, तो १९९३ मध्ये वर्धा येथे आंबेडकरी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला.

१५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. पुष्कळ गीते तोवर छापलीच गेली नव्हती. ती गायकांच्या वह्यांत आणि लोकांच्या ओठांवर होती. तेथूनच ती पुढे अभ्यासकांनी गोळा केली.