दृष्टिमांद्याची कारणे आणि लोकभाषेतील शब्द

एखाद्या लोकसमूहातील दृष्टिमांद्याची पाहणी अक्षरतक्त्याने होते, हे खरे; परंतु त्याची कारणे शोधावयाची तर प्रश्न विचारावे लागतात, आणि उत्तरे लोकांच्या भाषेत येतात. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील कळंब व त्याभोवतालच्या ठाकूर-कातकरी वाड्या यांसारख्या परिसरात अशी पाहणी करताना ही बाब विशेष ध्यानात घेतली पाहिजे.

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या भारतीयांत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले. स्त्रियांत ते २.३१, तर पुरुषांत १.६७ टक्के होते; निरक्षरांत ३.२३, तर दहावी वा त्यापुढे शिकलेल्यांत ०.४३ टक्के होते. सुमारे दोनतृतीयांश अंधत्वाचे कारण मोतीबिंदू, म्हणजे शस्त्रक्रियेने दूर होणारा विकार, हे होते. तथापि हे घटक परस्परांत गुंतलेले आहेत. निरक्षरांत वृद्धांचा व स्त्रियांचा भरणा अधिक असतो. त्यामुळे शिक्षणाचा परिणाम कोणता व वयाचा कोणता, हे वय अचूक कळल्यावाचून ठरत नाही. ज्यांची जन्मनोंद नाही, असे वृद्ध पन्नास, साठ असे ठोकळ आकडे सांगतात. सारांश, जो घटक सर्वांत प्रबळ, त्याचेच माप सर्वांत कच्चे राहते.

आता शब्दांकडे वळू. ‘चाळिशी’ या शब्दाने वय आणि चष्मा या दोन गोष्टी एकाच नावात बांधल्या आहेत. जवळचे न दिसणे वयोमानाने येते, हे त्यातील निरीक्षण यथार्थ आहे. परंतु त्याच न्यायाने प्रत्येक दृष्टिदोषाला ‘वय झाले’ हे उत्तर मिळू लागले, की उपचार करण्याजोगे कारण दृष्टीआड होते.

मोतीबिंदू ‘पिकतो’, असे आपण म्हणतो. जुन्या शस्त्रक्रियापद्धतीत तो पिकेपर्यंत थांबणे सयुक्तिक होते. कृत्रिम भिंग बसविण्याच्या आजच्या पद्धतीत तशी आवश्यकता नाही. उलट अतिपक्व मोतीबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाण्याचा संभव असतो. वैद्यकाने सोडलेली कल्पना क्रियापदाने मात्र जतन केली आहे.

‘मोतीबिंदू’ आणि ‘काचबिंदू’ ही नावे एकाच घडणीची असल्यामुळे दोन्ही विकार ‘काढता’ येतात असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते. मधुमेहाने दृष्टिपटलास होणाऱ्या इजेला तर रूढ लोकनामच नाही. आणि ज्याला नाव नाही, त्याविषयी रुग्ण आपण होऊन बोलत नाही.

यास्तव प्रश्नावलीत रोगाचे नाव विचारण्यापूर्वी व्यवहार विचारावा: अंगणापलीकडचा माणूस ओळखू येतो काय? तांदळातील खडे वेचता येतात काय? वय विचारताना विवाह, थोरल्या अपत्याचा जन्म यांसारख्या घटनांचा आधार घ्यावा. वीटभट्टी वा कोळसाभट्टीच्या कामासाठी हंगामात गाव सोडणारी कातकरी कुटुंबे परतल्यावर पुन्हा फेरी करावी. ‘वय झाले’ हे उत्तर मिळाल्यास ते कारण म्हणून न नोंदवता तेथूनच पुढचा प्रश्न विचारावा. कारण त्या दोन शब्दांमागे बऱ्या होण्याजोग्या अंधत्वाचा फार मोठा भाग दडलेला असतो.