बाईच्या पोटातील कळ आणि पुरुषांचे अज्ञान

दोन वर्षांपूर्वी सटाण्यातील माझ्या कार्यालयात एक गृहस्थ आपल्या विवाहित मुलीला घेऊन आले. जयभीम झाला, पाणी झाले आणि त्यांनी कापडी पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर ठेवले. एक होती जावयाने वकिलामार्फत पाठविलेली नोटीस. 'ऑपरेशनमुळे पत्नी मूल देण्यास असमर्थ झाली असून उभयतांनी सामंजस्याने फारकत घ्यावी,' असा तिचा आशय होता. दुसरा कागद रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड होते. नोटीस मला वाचता आली. डिस्चार्ज कार्ड वाचता आले नाही.

वीस वर्षे वकिली केली, शिबिरे घेतली, स्त्रीमुक्तीवर भाषणे ठोकली. पण बाईच्या ओटीपोटात काय असते आणि काय बिघडते, याविषयी माझे ज्ञान शून्य होते. ही कबुली द्यायला लाज वाटते, म्हणूनच ती आधी देतो.

एका परिचित स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडून कार्ड समजावून घेतले. उजव्या अंडाशयावरील गाठ, म्हणजे सिस्ट फुटली होती. पोटात रक्तस्राव झाला होता. उजवे अंडाशय काढावे लागले. त्याच कार्डावर खाली आणखी एक ओळ होती, डावे अंडाशय आणि गर्भाशय निरोगी असल्याची. ती ओळ नवऱ्याने वाचली नव्हती, सासऱ्याने वाचली नव्हती आणि नोटीस लिहिणाऱ्या माझ्या वकीलबंधूंनीही वाचली नव्हती. पोट दुखले बाईचे, ऑपरेशन बाईचे, आणि तिच्या भवितव्याचा निकाल लावला तो न वाचलेल्या कागदावरून!

घडले होते ते असे. उन्हाळ कांदा काढणीचे दिवस होते. सकाळी दहाच्या सुमारास भरलेली पाटी डोक्यावर घेताना तिच्या ओटीपोटात उजव्या बाजूला सुरी खुपसावी तशी कळ आली. ती खाली बसली. 'पोट दुखी राहिनं,' एवढेच ती जावेला म्हणाली. जाऊ म्हणाली, पाळी येणार असेल. मुकादम म्हणाला, सावलीत बस. दुपारी गावातल्या एका 'डॉक्टर'ने इंजेक्शन टोचले. तासभर बरे वाटले. चार वाजता उलटी, मग गरगरणे, पोट फुगलेले. रात्री नऊला ती न्हाणीच्या दारात भोवळ येऊन पडली, तेव्हा कुठे गाडीचा शोध सुरू झाला. इथून मालेगाव ३५-४० किलोमीटर, नाशिक सुमारे ९०. ऑपरेशनच्या टेबलावर पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. ती वाचली, हे तिचे आणि त्या रात्री जागलेल्या डॉक्टरांचे श्रेय. आपले काहीच नाही.

आता त्या डॉक्टर बाईंनी मला जे सांगितले, ते साध्या भाषेत मांडतो. वाचकांतील पुरुषांनी पान उलटू नये, हे त्यांच्यासाठीच आहे.

बाईच्या गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक अंडाशय असते. दर महिन्याला त्यात पाण्याने भरलेली एक छोटी पुटकुळी वाढते आणि फुटून त्यातून स्त्रीबीज बाहेर पडते. कधी ती फुटत नाही आणि वाढत राहते. कधी बीज बाहेर पडल्यावर मागे राहिलेल्या जागेत पाणी किंवा रक्त साचते. यालाच लोक 'पाण्याची गाठ' म्हणतात. अशी गाठ पाळी येणाऱ्या वयातील बहुतेक बायकांना कधी ना कधी होते, त्यांना कळतही नाही आणि दोन-तीन महिन्यांत ती आपोआप जिरते. म्हणजे 'गाठ' हा शब्द ऐकला की कॅन्सर झाला म्हणून रडारड करण्याचे कारण नाही, आणि लगेच ऑपरेशनची घाई करण्याचेही नाही. गाठ फुटली तरी पुष्कळदा वेदनाशामक औषध, विश्रांती आणि डॉक्टरांची देखरेख एवढ्यावर भागते.

मग धोका कुठे आहे? गाठ फुटताना तिच्या भोवतालची रक्तवाहिनी फाटली, तर रक्त पोटाच्या पोकळीत साचत जाते. बाहेर एक थेंबही दिसत नाही. कपडे कोरडे, अंथरूण कोरडे, आणि माणूस आतून रिकामे होत असते. म्हणूनच घरातले फसतात.

ही कळ बहुधा एकाएकी येते, ओटीपोटात एका बाजूला, आणि बऱ्याचदा जड वजन उचलताना, कष्टाचे काम करताना किंवा शरीरसंबंधानंतर. (हा शेवटचा शब्द छापला म्हणून कुणी नाक मुरडू नये. ही गोष्ट डॉक्टरला सांगायला लाजल्यामुळे निदान चुकू शकते.) कळ तीव्र असेल आणि ओसरत नसेल, किंवा तिच्यासोबत ताप किंवा उलट्या असतील, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठला पाहिजे. आणि पुढच्या खुणा दिसल्या तर मिनिटेही मोजू नयेत. उठून बसताच चक्कर येणे, डोळ्यांपुढे अंधारी, भोवळ. ओठ आणि डोळ्यांच्या आतली बाजू पांढरीफटक पडणे. अंग गार आणि घामाने चिकट होणे. श्वास जलद होणे, मनगटावरची नाडी मिनिटाला १००च्या वर धावणे. पोट फुगून टणक होणे, हात लावू न देणे. आणि एक खूण अशी, की जी कुणाच्या लक्षातच येत नाही. खांद्याच्या टोकाला दुखणे. पोटात साचलेले रक्त वर छातीखालच्या पडद्याला टोचते आणि ती वेदना खांद्यात जाणवते. आमच्या मुलीने संध्याकाळी खांदा दुखतो म्हणून सांगितले होते. पाटी उचलल्याने दुखत असेल, म्हणून कुणीतरी तेल चोळून दिले!

ही लक्षणे दिसली म्हणजे सिस्टच फुटली असे घरबसल्या ठरवू नये. नळीत राहिलेला गर्भ फुटला तरी असेच होते, आणि ते तर अधिकच घातक. म्हणून पाळी चुकली आहे का, हे डॉक्टरांना खरे सांगावे आणि लघवीची गर्भतपासणी करून घ्यावी. मुलगी अविवाहित आहे किंवा बाईचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले आहे, म्हणून ही तपासणी टाळू नये. अंडाशयाला पीळ पडला किंवा अपेंडिक्स सुजले तरी पोट असेच दुखते. यातले कोणते, हे सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासणीने डॉक्टर ठरवतील. आपले काम एकच, वेळेत पोहोचवणे. वाटेत बाईला आडवे झोपवावे, पाय थोडे उंच ठेवावेत, पांघरूण घालावे. चहा-पाणी पाजू नये, कारण ऑपरेशनची वेळ येऊ शकते. ॲस्पिरिनची गोळी देऊ नये, तिने रक्त अधिक वाहते. इंजेक्शनने कळ दबते, रक्तस्राव थांबत नाही, हे तर पाठच करून ठेवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे आणि ती मोफत आहे.

प्रश्न असा आहे, की ती दहा वाजता का बोलली नाही? ती बोलली. ऐकले कुणी नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यातील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. म्हणजे दुखणे हा बाईचा नेहमीचाच सोबती. जिचे रोजच दुखते, तिने आज वेगळे दुखते आहे हे कसे पटवून द्यायचे? आणि पटले तरी गाडी सांगायची कुणी? पैसे कुणाच्या खिशात? मोबाईलवर रिचार्ज कुणाच्या? निर्णय पुरुषाचा असतो, मुकादमाचा असतो, सासऱ्याचा असतो. निर्णय ज्याच्या हाती, त्यानेच या खुणा ओळखायला शिकले पाहिजे. बायकांच्या आरोग्याची शिबिरे आपण भरवतो आणि पुरुष बाहेर मंडपाच्या दोऱ्या बांधत बसतात. हे उलटे आहे.

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. त्यात तिने डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचे हाल मांडले होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा बाईच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकाने तिच्या या खर्चाचा काही भार उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. कांद्याच्या शेतात आणि डाळिंबाच्या बागेत रोजंदारीवर बायका नेणाऱ्यांना हे कुणीतरी ऐकवले पाहिजे. सावलीत बस म्हणणे म्हणजे जबाबदारी पार पाडणे नव्हे.

आता वकील म्हणून थोडे. अत्यवस्थ रुग्णाला 'खाट नाही' म्हणून परत पाठविणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सांगितले. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या हकीम शेख या शेतमजुराला कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी फिरवले होते. सरकारला २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य, हे तर १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात ठरले आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत करण्यात आले आहेत. तेव्हा पैसे नाहीत म्हणून रात्र काढण्याचे कारण नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपल्या बायका दोन्हीकडून मारल्या जातात. आधी दुर्लक्ष, आणि मग गरज नसता कापाकापी. बीड जिल्ह्यात ३ वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली, ही माहिती २०१९ साली सरकारनेच विधिमंडळात दिली. त्यांत ऊसतोड करणाऱ्या भगिनी किती असतील, हे वेगळे सांगायला नको. 'गाठ आहे, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल,' असा सल्ला कुणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. गाठ अंडाशयावर असते, पिशवी वेगळी. बऱ्याचदा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने फक्त गाठ काढून अंडाशय वाचवता येते. दोन्ही अंडाशये गेली तर तरुण वयातच पाळी बंद होते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात.

संमती कुणाची, याविषयी २००८ सालचा समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा. ४४ वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीने दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची सही घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशये काढण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती नव्हे, आणि सज्ञान बाई शुद्धीवर येण्याची वाट पाहता येत असताना आईची सही चालत नाही. आईची चालत नाही, तर नवऱ्याची कशी चालेल? जीव वाचविण्यासाठी त्याच क्षणी करावे लागेल तेवढेच डॉक्टर संमतीशिवाय करू शकतात. आणि उपचाराचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर २००२च्या नियमावलीने घातलेले आहे. कागद मागा, आणि मागितल्यावर वाचा.

नोटिशीला मी उत्तर दिले. मूल न होणे हे घटस्फोटाचे कायदेशीर कारणच नाही, हे एका ओळीत लिहिले. डिस्चार्ज कार्डाची छायांकित प्रत जोडली आणि निरोगी अंडाशयाच्या त्या ओळीखाली लाल शाईने रेघ मारली. एका अंडाशयावरही दर महिन्याला स्त्रीबीज तयार होऊ शकते, दिवस राहू शकतात, हे डॉक्टर बाईंनी लेखी दिलेले मतही सोबत पाठविले.

तीन आठवड्यांनी मुलगा आपल्या वकिलांना सांगून सासऱ्यांबरोबर माझ्याकडे आला. बराच वेळ खाली मान घालून बसला. त्या दिवशी तो दुसऱ्या शेतात होता आणि दुपारी निरोप मिळूनही गेला नव्हता, एवढे त्याने कबूल केले. मग विचारले, "साहेब, दुसऱ्या बाजूला पुन्हा गाठ झाली तर कशी ओळखायची?" हे सांगणे वकिलाचे काम नव्हते. डॉक्टर बाईंच्या दवाखान्याचा पत्ता मी चिठ्ठीवर लिहून दिला आणि दोघांनी मिळून जायचे, असे बजावले. मंगळवारी दोघे गेले. खिशातली चिठ्ठी त्याने तपासणीच्या खोलीत आपण होऊन बाहेर काढली, त्यावर त्याने घरून पाच प्रश्न लिहून आणले होते, असे डॉक्टर बाईंनी मला नंतर फोनवर सांगितले.