चेंडू हाती येण्यापूर्वीची विद्या

अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहणाऱ्याची दृष्टी स्वाभाविकपणेच चेंडूमागे धावते. क्वार्टरबॅकच्या हातून सुटलेला तो लंबगोल चेंडू चाळीस यार्ड हवेतून जाऊन धावत्या रिसीव्हरच्या हाती विसावला, की झेल उत्तम झाला असे म्हणून प्रेक्षक समाधान पावतो. वस्तुतः झेल हा या कर्माचा केवळ अंतिम चरण होय. त्याचे खरे यशापयश चेंडू हवेत जाण्यापूर्वीच, रिसीव्हरच्या पावलांत, कंबरेत आणि खांद्यांत निश्चित झालेले असते. हे अदृश्य कर्म शिकविण्यात ज्यांनी अलीकडे असामान्य कीर्ती मिळविली, त्या ब्रायन हार्टलाइन यांची कारकीर्द म्हणूनच मननीय आहे.

रिसीव्हरने कोठवर सरळ धावावे आणि कोठे वळावे याचे मार्ग ठरलेले असतात. त्यांना ‘रूट’ म्हणतात, आणि परंपरेने त्यांना शून्यापासून नऊपर्यंत क्रमांक दिलेले आहेत. समोर उभा असलेला प्रतिपक्षाचा रक्षक, कॉर्नरबॅक, छातीवर हात टाकून वाट अडवू पाहतो. त्याच्या हातातून निसटणे ही पहिली कसोटी. त्यानंतरचे दहा-बारा यार्ड असे धावावयाचे, की पुढे वळण आत आहे, बाहेर आहे, की वळणच नाही, याचा सुगावा प्रतिपक्षाला लागू नये. वळण्यापूर्वी जो खेळाडू शरीर उंचावतो किंवा पावले लांबवीत थबकतो, तो आपला बेत स्वतःच उघड करतो. जो कंबर खाली आणून मोजक्या आखूड पावलांत वेग रोखतो, त्याला हातभर मोकळी जागा मिळते. क्वार्टरबॅक तर रिसीव्हर वळण्यापूर्वीच, त्या रिकाम्या जागेच्या भरवशावर, चेंडू सोडून मोकळा झालेला असतो. म्हणून एका पावलाची चूक म्हणजे पुष्कळदा प्रतिपक्षाच्या हाती गेलेला चेंडू. झेलाचेही नियम आहेत: छातीच्या वर आलेल्या चेंडूसाठी अंगठे जवळ, कमरेखालच्या चेंडूसाठी करंगळ्या जवळ, आणि चेंडू काखेत सुरक्षित होईपर्यंत दृष्टी त्याच्यावर.

हार्टलाइन यांचा जन्म १९८६ साली ओहायो राज्यातील कॅन्टन येथे झाला. व्यावसायिक संघांची जी संघटना पुढे नॅशनल फुटबॉल लीग म्हणून प्रसिद्ध झाली, ती १९२० साली याच गावी स्थापन झाली होती. कोलंबस येथील ओहायो स्टेट विद्यापीठाकडून ते खेळले, परंतु तेथे टेड गिन यांच्यासारख्या विलक्षण वेगवान खेळाडूंच्या सावलीतच त्यांचा आरंभकाळ गेला. व्यावसायिक संघ दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंची पाळीपाळीने जी निवड करतात, तीत २००९ साली मायामी डॉल्फिन्स संघाने त्यांना निवडले ते चौथ्या फेरीत, १०८ व्या क्रमांकावर. तरीही २०१२ आणि २०१३ या दोन्ही हंगामांत त्यांनी झेलांतून मिळविलेल्या हजार यार्डांचा टप्पा ओलांडला, आणि २०१२ मध्ये ॲरिझोनाविरुद्ध एकाच सामन्यात २५३ यार्ड मिळवून आपल्या संघाचा विक्रम प्रस्थापित केला. क्लीव्हलंडकडून खेळलेला २०१५ चा हंगाम हा त्यांचा अखेरचा ठरला.

२०१७ साली ते आपल्या विद्यापीठात परतले ते सहायकाच्या अगदी दुय्यम हुद्द्यावर. पुढील वर्षी रिसीव्हरांच्या प्रशिक्षकाची जागा अकस्मात रिकामी झाली आणि तिच्यावर त्यांची हंगामी नेमणूक झाली. हंगाम संपल्यावर ती कायम करण्यात आली. त्यानंतरची नामावली पाहावी. गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावे यांची २०२२ च्या निवडीत लागोपाठ दहाव्या व अकराव्या क्रमांकावर वर्णी लागली. २०२३ मध्ये जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा, २०२४ मध्ये चौथ्या क्रमांकावर मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर आणि २०२५ मध्ये एमेका एग्बुका, असे चार वर्षांत पाच शिष्य पहिल्या फेरीत निवडले गेले. यांपैकी स्मिथ-एन्जिग्बा यांनी १ जानेवारी २०२२ रोजी रोझ बोल या महाविद्यालयीन सामन्यात यूटाविरुद्ध १५ झेलांत ३४७ यार्ड मिळविले होते.

या यशाचे सर्व श्रेय गुरूच्या पदरी घालणे मात्र न्याय्य होणार नाही. ओहायो स्टेटकडे देशातील अव्वल शालेय खेळाडूंचा ओघ असतोच. हॅरिसन तर एका थोर रिसीव्हरचेच चिरंजीव. परंतु केवळ उपजत गुणांच्या भांडवलावर सर्व उलगडा होत नाही. शालेय वयात ओलावे यांची गणना अग्रगण्यांत नव्हती. टेरी मॅकलॉरिन हे हार्टलाइन यांना पूर्वीच्या कारभारातून लाभलेले विद्यार्थी. त्यांची निवड २०१९ साली तिसऱ्या फेरीत झाली, आणि पुढे वॉशिंग्टनकडून त्यांनी २०२० पासून सलग पाच हंगाम हजार यार्डांची मजल गाठली. अशा खेळाडूंच्या उत्कर्षात तालमीचा वाटा नाही असे कोण म्हणेल?

त्या तालमीचे मर्म मला गुरूच्या पूर्वायुष्यात दिसते. ज्याला निसर्गाने अलौकिक वेग दिला, त्याला आपण प्रतिपक्षाला कसे चुकवितो याचा विचार करण्याचे प्रयोजन सहसा पडत नाही. उलट ज्याला ते दान मर्यादितच लाभले, त्याला प्रत्येक पावलाचा हिशेब ठेवावा लागतो, कोणत्या कोनातून वळल्यास अर्धा यार्ड हाती लागतो हे शोधावे लागते, आणि अशा रीतीने स्वतःच्या कौशल्याची कारणे हुडकून काढणाऱ्यालाच ती दुसऱ्याला सांगता येतात. ही कारणे ज्या दिवशी जन्मतःच वेगवान असलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पडतात, त्या दिवशी निसर्ग आणि शास्त्र यांचा संगम होतो. आपण शिक्षकाची निवड करताना त्याने मिळविलेली पदके प्रथम मोजतो. त्यांपूर्वी त्याला विचारावे असे काही असेल तर ते हे, की आपल्याला जे येते ते का येते, हे त्याला उमगले आहे काय.