निसर्गसान्निध्य आणि मानसिक स्वास्थ्य

निसर्गसान्निध्याने मन प्रसन्न होते, या सार्वत्रिक अनुभवाला रॉजर उलरिच यांच्या १९८४ मधील अभ्यासाने शास्त्रीय आधार दिला. पेनसिल्व्हानियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. खिडकीतून विटांची भिंत दिसणाऱ्यांच्या तुलनेत झाडे दिसणाऱ्या रुग्णांना तीव्र वेदनाशामके कमी लागली व ते लवकर घरी गेले. परिचारिकांच्या नोंदींत त्यांच्या अस्वस्थतेचे उल्लेखही कमी आढळले. रॅचेल व स्टीफन कॅप्लान यांच्या मते, सततच्या एकाग्रतेने थकलेल्या अवधानाला निसर्गात विश्रांती मिळते. त्यामुळे वसतिगृहाची खिडकी कोठे उघडते, हा केवळ वास्तुरचनेचा प्रश्न उरत नाही. आवारातील वृक्ष तोडण्यापूर्वी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचाही विचार करणे आवश्यक ठरते.