मुशीत घालण्याआधी

सकाळी साडेनऊ. दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम सुरू झाला की दुकानाचं शटर उचलतानाच ठसका लागतो. उदबत्ती लावली, भाव फळ्यावर लिहिला. लग्नसराईत घेणारे येतात तसे जुनं सोनं मोडणारेही.

अकरा. "भाऊ, हाई गिन्नी मोडनी शे, नातनं लगीन शे." माय शेजारच्या खेड्यातली. कारागिरानं रिठ्याच्या पाण्याकडे हात नेला, मी थांबवलं. संग्राहकाला घासलेलं नाणं नको असतं. भिंगाखाली एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला तलवार घेतलेला घोडेस्वार. घोड्याखालच्या जमिनीवर बारीक 'आय' अक्षर! म्हणजे ही मुंबईच्या टांकसाळीतली. महायुद्धाच्या काळात, १९१८ या एकाच वर्षी, तिथे अशा सुमारे १३ लाख गिन्न्या पडल्या. बावीस कॅरट, ७.९८ ग्रॅम. पण वर कडी डाकलेली. त्यामुळे संग्राहक फार जास्त देणार नाही, हेही मायला स्पष्ट सांगितलं. तिनं तुटकी पोत मोडली आणि गिन्नी बटव्यात परत ठेवली. मला फार बरं वाटलं.

दुपारी दोन. गिऱ्हाईक नाही, वाचायला निवांतपणा. १७८७ साली न्यूयॉर्कच्या इफ्रेम ब्रॅशर नावाच्या सोनारानं सोन्याची नाणी पाडून त्यांवर आपल्या आद्याक्षरांचा शिक्का मारला. त्यातलं एक २०२१ मध्ये ९३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. सोनाराचा शिक्का म्हणजे त्याचा शब्द, हे तिथंही खरंच.

पाच. एक गुरुजी 'शिवकालीन होन' घेऊन आले. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडला जाणारा तो होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा, 'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्रपति' अशा अक्षरांचा, आणि अतिशय दुर्मिळ. म्हणूनच नकली फार. गुरुजींच्या नाण्याची अक्षरं बोथट, अंगावर बारीक छिद्रं: ओतीव काम. कसोटीवर तांबं निघालं. त्यांचा चेहरा उतरला, पण खोटं सांगून पाप कोण घेणार?

रात्री आठ, तिजोरी बंद. आपल्या भागातली किती नाणी अशीच मुशीत वितळून बांगड्या झाली असतील, या विचारानं जीव तुटतो. घरातलं जुनं नाणं मोडायला काढाल तेव्हा ते घासू नका, आधी भिंगाखाली दाखवा. आणि नांगराला जुनी नाणी लागली तर सराफाकडे येऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे थेट जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.